ईशान्येचा खांब

कासम मिस्त्रीने खांबाच्या चिरेत अंगठ्याचं नख घातलं, ते अर्धं आत गेलं. पंधरा दिवसांपूर्वी त्याच चिरेत नखाची नुसती कड बसत होती. लाकूड सुकताना तडकतं, हे सुताराला कोणी सांगावं लागत नाही. त्या घरातल्या प्रत्येक खांबाला दोन-चार चिरा पडल्याच होत्या आणि त्यांच्याकडे कासमने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण ही चीर नको त्या जागी होती. खांबाच्या अगदी डोक्याशी, जिथे तीन बाजूंच्या तुळया येऊन टेकतात तिथे. आणि हा खांब ईशान्येचा होता.

शिडीवरून उतरून त्याने इकडेतिकडे पाहिलं. रंगारी मागच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात देत होते. कोणाचं लक्ष नव्हतं. वास्तुशांतीला आठ दिवस उरले होते.

भिवंडीजवळ वडप्याला हायवेच्या कडेने जी गोदामं लागतात, त्यांच्या पत्र्यांच्या मागे एक खडकाळ उंचवटा आहे. त्यावर हे घर उभं होतं. काळ्या लाकडाचा सांगाडा, लाकडांच्या मधे पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर, आणि वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा दोन हात पुढे आलेला. समोरच्या बाजूने पुढे आणि पूर्वेच्या बाजूनेही पुढे. नाशिककडे जाणारे कंटेनरवाले गाडी हळू करून बघायचे. गोदामातल्या पोरांनी त्याचं नाव झेब्रा ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, लांबून तसंच दिसायचं ते.

घर हितेशचं. त्याचे वडील चांगदेव तीन वर्षांपूर्वी वारले. भाताची शेतं गोदामांना भाड्याने देऊन त्यांनी बरंच काही करून ठेवलं होतं, त्यातलं एक म्हणजे मुलाला शिकायला इंग्लंडला पाठवणं. तिथे हितेश दोन वर्षं एका खेड्यात भाड्याने राहिला. घर चारशे वर्षांचं, लाकडी सांगाड्याचं. भिंती पाडल्या तरी घर उभं राहतं, कारण सगळा भार खांब आणि तुळया घेतात, भिंती नुसत्या मधल्या जागा भरायला. खिळा एक नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची जीभ बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. दुसरा कोणी आठवणी म्हणून फोटो घेऊन आला असता. हा पठ्ठ्या घराची मापं घेऊन आला.

मापं घेऊन तो भिवंडीत कासमकडे आला, कारण अशी कामं करणारे हात आता उरलेत कुठे. कासमचे वडील आणि आजोबा खाडीवर होड्या बांधायचे. कासमनेही तरुणपणी चार-पाच बांधल्या. मग खाडीत होड्याच राहिल्या नाहीत, आणि पुढची तीस वर्षं तो लूमचे लाकडी धोटे आणि मारदांडे घडवत बसला. आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले. अगदी बहिरा नव्हता, पण बारीक आवाज त्याला येत नसत. लाकडाचं मात्र त्याला तळहाताने कळायचं. लाकडावर हात ठेवला की आत काय चाललंय ते तो सांगू शकायचा, आणि लोक त्याची थट्टा करायचे की मिस्त्री डॉक्टर झालाय.

पासष्टाव्या वर्षी असं काम मिळालं म्हणून कासम हरखून गेला होता. सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवला. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने सारख्याच रेघा मारल्या, म्हणजे उभं करताना ज्याची जीभ त्याच्याच खाचेत जावी. लाकूड मुद्दाम ओलं घेतलं, कारण सुकताना सांधे आवळतात. इथपर्यंत कासमला सगळं पटलं, होडीतही असंच असतं. अडलं ते खांबांपाशी.

"खांब उलटे उभे करायचे, चाचा," हितेश म्हणाला होता. "बुंधा वर, शेंडा खाली."

"उलटे?"

"बुंध्याशी झाड रुंद असतं ना. ते रुंद डोकं वर आलं की तुळया टेकायला जागा मिळते. कोपऱ्याच्या खांबावर तर तीन तुळया येतात, आणि तिरक्या तुळईवर पुढे आलेल्या मजल्याचा अख्खा कोपरा. वेगळं ब्रॅकेट लावलं तर ते सुटू शकतं. झाडाचं स्वतःचं अंग कसं सुटेल?"

डोक्याला हे लगेच पटलं. हाताला पटेना. कासमला त्याच्या बापाने शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती, की झाड रानात जसं उभं होतं तसंच उभं करायचं, मुळाची बाजू खाली. आपल्याकडे कोणताही सुतार खांब हातात घेतला की आधी बुंधा कुठला ते बघतो. उलटा खांब म्हणजे घर उलटं. कासम पाच वेळा नमाज पढणारा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत ठणकावून सांगायचा. पण पहिला खांब उलटा उचलताना त्याने बुंध्याकडे बघायचं टाळलं.

आणि मग सीताबाई आल्या. सीताबाई म्हणजे हितेशची आई. चांगदेव आणि कासम लहानपणी एका खाडीत पोहलेले, त्यामुळे कासम त्यांना वयनी म्हणायचा. दिवाळी नुकतीच झाली होती, खांब उभे करायचं काम सुरू होतं. हितेशच्या बायकोला, मृणालीला, नुकतेच दिवस गेले होते. आधी दोन वेळा गेलेले दिवस वाया गेले होते, म्हणून या वेळी हितेश तिला घेऊन मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पंधरा दिवस राहिला होता. सीताबाई एकट्याच चालत उंचवटा चढून आल्या आणि कासमसमोर दगडावर बसल्या.

"कासमभाई, पोर बोलतो खांब उलटे लावनार. खरा हाय?"

कासमने पटाशी खाली ठेवली.

"माझ्या म्हायेरी एक घर व्हता, एकच खांब उलटा. त्या घरात कंदी पाळना हलला न्हाय. तीन सुना आल्या." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मृणालीचा हा तिसरा हाय. मी पोराला सांगून बगला, तो हसतो. तुमी त्याच्या बापाचे दोस्त. तुमी माझ्यासाटी येवढा करा. सगळे खांब सुलटे करा."

कासमला नाही म्हणता आलं नाही. म्हणायचंही नव्हतं, खरी गोष्ट ती आहे. कोणीतरी येऊन हे सांगावं याची तो वाटच बघत होता. पण आठही खांब फिरवायचे तर सगळे सांधे नव्याने कापावे लागले असते, आणि हितेशला ते पहिल्या नजरेत कळलं असतं. मग त्याने मधला रस्ता काढला, जो त्याच्यासारख्या हुशार माणसालाच सुचतो. सात खांब उलटेच ठेवले. आठवा, ईशान्येचा, जिथे पूजा होणार, तो सुलटा केला. सीताबाईंना सांगितलं, आठही फिरवले. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

पण ईशान्येचा खांब सुलटा केला म्हणजे बुंधा गेला खाली, चौथऱ्याच्या चुन्यात गडप झाला. वर आला शेंडा, आठ इंचांचा. त्या आठ इंचांत तीन तुळयांच्या खाचा कापायच्या. कासमने कापल्या. मधे लाकूड उरलं ते चार बोटं. बुंध्याच्या रुंद डोक्याच्या जागी त्याने वेगळं ब्रॅकेट घडवलं, दोन जिभा, दोन बाभळीच्या खुंट्या, आणि वरून काळा रंग. इतकं बेमालूम जमलं की हितेश आल्यावर त्या खांबाजवळ उभं राहून फोटो काढून गेला. कासम खूश झाला होता. आपल्या हाताच्या सफाईवर माणूस फिदा असला की तो काय कापून बसलाय हे त्याला दिसत नाही.

पुढे मजला चढला, भिंती भरल्या, छप्पर आलं. त्या आनंदात कासम एकदा हितेशला म्हणूनही गेला होता, "वर हत्ती नाचव, काय होणार नाय."

आता वैशाख होता, आणि ओलं लाकूड उन्हाने सुकत होतं. सुकताना सांधे आवळत होते, जसे आवळायला हवेत. फक्त ईशान्येच्या खांबात आवळायला चार बोटं लाकूडच होतं, आणि ते फाटत चाललं होतं.

त्या रात्री घरी जेवताना त्याचा हात ताटात थांबला. जुबैदाने, त्याच्या बायकोने, दोनदा विचारलं काय झालं. तो म्हणाला, उन्हाने डोकं दुखतंय. तिने कांदा फोडून दिला आणि दावतीला कोणती साडी नेसू म्हणून विचारत बसली. मृणालीचं डोहाळजेवणही वास्तुशांतीच्या दिवशीच, वरच्या मजल्यावर व्हायचं होतं, आणि सीताबाईंनी जुबैदाला फोन करून आग्रहाने बोलावलं होतं.

चार दिवस उरले तेव्हा चिरेत त्याच्या कानावरची चपटी पेन्सिल टोकापुरती गेली. कासम हितेशला शोधत गेला.

"हितेश, त्या ईशान्येच्या कोपऱ्याला एक लोखंडी पट्टा मारू. बाहेरून दिसणार नाय असा."

हितेश हसला. "चाचा, अख्ख्या घरात एक लोखंडी खिळा नाही हेच तर मला लोकांना दाखवायचंय. का, काही प्रॉब्लेम आहे का?"

इथे कासमला बोलायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य बोललं की पाठोपाठ सगळंच बोलावं लागणार होतं. फिरवलेला खांब, वेगळं ब्रॅकेट, सीताबाईंचं विनवणं, त्यांना सांगितलेलं खोटं. दाराच्या वरच्या तुळईवर हितेशने कौतुकाने त्याचं नाव कोरून घेतलं होतं. पंचवीस गावांत बोलबाला झाला होता.

"नाय," कासम म्हणाला. "असंच. मजबुतीला."

"तुमचं काम आहे, मजबूतच असणार," हितेश म्हणाला आणि फोनवर केटरिंगवाल्याशी बोलायला लागला. कासमला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी पूजा झाली. विधवा म्हणून मागे राहणाऱ्या सीताबाईंना मृणालीने, आज पूजाही तुम्हीच करायची आणि माझी ओटीही तुम्हीच भरायची म्हणून, हट्टाने पुढे केलं. त्यांनी ईशान्येच्या खांबाला हळदकुंकू लावलं, पाचही बोटांनी ओढून, झेंडूचा हार घातला आणि खांबावर डोकं टेकलं. मागे उभ्या असलेल्या कासमकडे वळून त्या समाधानाने हसल्या. कासमने मान खाली घातली. होमाच्या धुरात आणि गर्दीत खांबाला हात लावायची सोय नव्हती. तो दुपारपर्यंत मंडपात नुसता बसून राहिला. पुढ्यातलं जेवण थंड झालं.

जेवणं झाल्यावर बायका वर गेल्या. आधी दहा, मग वीस, मग जिना थांबेचना. मंडपवाल्यांनी फुलांनी सजवलेला लोखंडी झोपाळा वर नेला होता, आणि फोटोला उजेड चांगला येतो म्हणून तो नेमका ईशान्येच्या कोपऱ्यात, पुढे आलेल्या खिडक्यांपाशी ठेवला होता. मृणाली हिरव्या साडीत त्यात बसली. सत्तर-ऐंशी बायका तिच्याभोवती त्याच कोपऱ्याला दाटल्या. साउंडवाल्याने गाणी लावली. खिडकीतून जुबैदाचं डोकं बाहेर आलं. तिने खाली कासमला बघून हात हलवला, वर किती छान वाटतंय ते दाखवायला.

कासम उठला. ईशान्येच्या खांबाशी गेला. हाराच्या वर, कुंकवाच्या बोटांच्या वर, त्याने तळहात टेकला.

गाण्याचा दणका लाकडातून येत होता, तो त्याने बाजूला काढला. पावलांचा येत होता, तोही काढला. मग त्याखाली त्याला ते लागलं. बारीक, तुटक, थांबून थांबून. टक. मग काही नाही. मग टक. खुंटी वाकत होती. बाभळीची खुंटी तुटायच्या आधी अशीच बोलते, होडीत त्याने ते हाताने ऐकलेलं होतं, आणि ती होडी पुढे किनाऱ्याला लागली नव्हती. जवळची खुर्ची ओढून तो तिच्यावर चढला, कानावरची पेन्सिल काढली आणि चाचपडत वरच्या चिरेत धरली. पेन्सिल सगळी आत गेली, आणि आतच राहिली.

क्षणभर त्याला पळून जावंसं वाटलं, उंचवटा उतरून, हायवे ओलांडून, भिवंडीत, आपल्या घरात, दार लावून. मग वर बायका कशालातरी एकदम हसल्या आणि तो हितेशकडे धावला.

हितेश मंडपात पाहुण्यांच्या घोळक्यात होता. कासमने त्याचा दंड धरला. "वरच्या बायकांना खाली बोलव. आत्ता. वजन जास्त झालंय."

"चाचा, तुम्हीच म्हणालात ना हत्ती नाचव म्हणून," हितेश म्हणाला, आणि पाहुण्यांना सांगू लागला, "हे आमचे कासमचाचा, यांनी बांधलंय सगळं." लोकांनी हात पुढे केले. कोणीतरी त्याच्या गळ्यात शाल घातली. कासमने ती तशीच टाकून दिली आणि जिन्याकडे गेला.

डोहाळजेवणात पुरुष माणूस वर आला म्हणून बायकांनी माना वळवल्या. काही हसल्या. जमीन कोपऱ्याकडे झुकली होती. कोणाला कळण्यासारखी नाही, कासमला कळण्यासारखी. पाण्याचा एक रिकामा पेला आपणहून हळूहळू खिडकीकडे सरकत होता आणि त्याकडे कोणी बघत नव्हतं. सीताबाई झोपाळ्यापाशी सुनेच्या ओटीत नारळ घालत होत्या. कासम त्यांच्या कानाशी वाकला.

"वयनी, सगळ्यांना खाली न्या. ह्या कोपऱ्याचा खांब चिरलाय."

सीताबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "आसा कसा चिरंल? तो सुलटा हाय ना. सकाळी मी पुजला त्याला. ह्या कोपऱ्याला काय होनार न्हाय, कासमभाई."

"वयनी, खरंच सांगतोय."

"तुमाला ऊन लागला हाय. जुबैदा, जरा पानी दे यांना."

जुबैदा गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. झोपाळ्यात मृणाली हसत होती, एक हात पोटावर. कासमच्या तळव्याला जमिनीतून टक लागलं. अनवाणी होता तो.

मग त्याला कळलं की चिरेचं खरं सांगून ही माणसं हलणार नाहीत. खांब मोडेल याची त्यांना भीतीच नव्हती. भीती कशाची होती ते त्याला ठाऊक होतं, कारण ती त्याचीही होती.

"वयनी," तो म्हणाला. "मी तुमाला खोटं सांगितलं. घरातले सात खांब उलटे हायत. ह्याच मजल्याखाली. मृणाली उलट्या खांबांवर बसलीये."

सीताबाईंच्या तोंडाचा रंग उडाला. हातातला नारळ सुटला आणि गडगडत खिडकीला जाऊन लागला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मृणालीचं मनगट धरलं आणि तिला झोपाळ्यातून ओढून उभं केलं. "उट. चल खाली. सगळ्या चला. खांब उलटे हायत." शेजारच्या बाईने ते ऐकलं, तिने पलीकडच्या बाईला सांगितलं. अर्ध्या मिनिटात ते अख्ख्या मजल्यावर फिरलं. ज्या बायका लाख सांगूनही हलल्या नसत्या त्या पोरं काखोटीला मारून जिन्याकडे निघाल्या. गाणं तसंच वाजत राहिलं.

कासम त्यांच्या आधी खाली पोचला. सांगाड्यातला उरलेला एक जाड वासा मागच्या भिंतीला पडला होता. मंडपाच्या दोन माणसांना हाक मारून त्याने तो आणला आणि तिरक्या तुळईखाली उभा करून मोगरीने खालून पाचर मारायला लागला. पाचर जाईना, तुळई आधीच खाली आली होती. त्याने वासा तिरका केला, पुन्हा मारली. त्याला वर बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. जिन्यावर पावलं चालू होती. मग पावलं विरळ झाली.

"कोण राहिलंय वर?" त्याने विचारलं.

"जुबैदाचाचीला गुडघ्यामुळे उतरता येत नाय," कोणीतरी म्हणालं. "मृणालीवयनी तिचा हात धरून आणतायत."

कासमने मोगरी टाकली आणि दोन्ही हातांनी वासा धरला, जसा काही तो सगळा मजला त्याच्या दोन हातांवरच थांबणार होता. तो काहीतरी पुटपुटत होता, ते त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. तळहातात टक टक आता थांबत नव्हतं. खिडकीतून हितेशचा आवाज आला, तो बायकोला आणायला वर धावला होता. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर जुबैदाची निळी साडी दिसली, मागे मृणाली, मागे हितेश. तिघं अंगणात आली.

आणि खुंटी तुटली. तो आवाज कासमलासुद्धा आला.

ब्रॅकेट आपल्या खाचेतून उपटून बाहेर पडलं, खांबाचं डोकं उभं फाटलं, आणि तिरकी तुळई हातभर खाली येऊन वाशावर आदळली. वासा वाकला, पण थांबला. वरच्या भिंतींतला चुना आणि विटा अंगणात कोसळल्या. फुलांचा झोपाळा झुकलेल्या जमिनीवरून घसरत गेला, खिडकीची चौकट घेऊन बाहेर आला आणि चौथऱ्याच्या दगडावर पडला. साउंडवाल्याने कधीतरी गाणं बंद केलं होतं. धुळीतून पोरांचं रडणं ऐकू येत होतं.

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. लोकांनी मोजून, नावं घेऊन खात्री केली. मग बोलणं सुरू झालं. उलटे खांब. मिस्त्रीने उलटे खांब लावले आणि घर पाडलं. कासम वासा धरूनच उभा होता, त्याला कोणी सोडवलं नाही. जुबैदा एकटी त्याच्याकडे आली आणि तिने त्याचे हात एकेक बोट करून वाशावरून काढले.

हितेश फुटलेल्या खांबाजवळ गेला. वर पाहिलं, पडलेलं ब्रॅकेट उचलून पाहिलं, मग खाली वाकला. चौथऱ्याचा चुना फुटून गळाला होता आणि आत रुंद बुंधा दिसत होता. त्याने त्या बुंध्यावरून हात फिरवला.

"चाचा, हा एकच तुम्ही फिरवलात?"

"माझा हात चुकला," कासम म्हणाला. दुसरं काही बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हातारीच्या डोक्यावर हे ओझं त्याला घालायचं नव्हतं.

पण सीताबाई तिथेच होत्या. त्यांनी खांब पाहिला. फाटलेल्या लाकडावर त्यांच्याच पाच बोटांचं हळदकुंकू होतं, दोन बोटं चिरेच्या एका बाजूला, तीन दुसऱ्या. हार अर्धा लोंबत होता. त्यांनी वळून बाकीचे सात खांब एकेक करून पाहिले. ते जागच्या जागी होते, एकाचाही सांधा हलला नव्हता. त्यांनी मोडलेल्या झोपाळ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून एक विचित्र, बारीक आवाज निघाला. मग त्या मंडपाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"त्यांना कोनी काय बोलू नका," त्या म्हणाल्या. "उलटे सात उबे हायत. फाटला तो सुलटा हाय. तो मी सुलटा करून घेतला. मीच."

मृणाली सासूजवळ आली, तिने तिचा दंड धरला. सीताबाईंनी आपला हळदीचा हात तिच्या पोटाजवळ नेला आणि न टेकवताच मागे घेतला. मग त्या कासमकडे वळल्या.

"कासमभाई, ह्याला पन उलटा करा. त्या सातांसारखा." त्यांनी मृणालीच्या पोटाकडे पाहिलं. "उलटा केला तर पोराला काय होनार न्हाय ना?"

सहा महिने तो या बाईला तिला हवं ते सांगत आला होता. कासमने शर्टाला हात पुसले.

"ते मला ठाऊक नाय, वयनी," तो म्हणाला. "घर पडणार नाय, येवढं ठाऊक हाय."

सीताबाईंनी मान हलवली. त्या चौथऱ्यावरून उतरल्या आणि उघड्या अंगणात, घरापासून लांब, खुर्ची मागवून सुनेला तिथे बसवलं.